परवानाधारक बघे

विकलथॉर्प नगर परिषदेच्या हद्दीत, कालव्याच्या सात क्रमांकाच्या लॉकशेजारी, म्हणजे नावा वरच्या-खालच्या पातळीला नेणाऱ्या दोन दरवाजांच्या हौदाशेजारी, एक लाकडी बाकडं होतं आणि त्या बाकड्यावर श्री. एनॉक टॅन्सली, वय एकोणऐंशी, निवृत्त पोस्टमन, हे रोज सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंत बसत असत. या बाबीविरुद्ध अकरा वर्षांत एकही तक्रार आलेली नव्हती. तक्रार नाही म्हणजे फाइल नाही आणि फाइल नाही म्हणजे ती गोष्ट घडतच नाही, असं मी परिषदेचा चिटणीस या नात्याने तेवीस वर्षं मानत आलो आहे. माझं नाव क्लेमंट बूथरॉइड. गावात मला क्लेम म्हणतात. कागदावर मी 'अधोस्वाक्षरीकार' असतो.

मार्चमध्ये काठावरच्या पायवाटेची दुरुस्ती मंजूर झाली आणि वाटेवरच्या प्रत्येक वस्तूची यादी करण्याचं काम माझ्याकडे आलं. दिव्याचे खांब चार, हेतू: उजेड. कचऱ्याचे डबे दोन, हेतू: कचरा. बुडणाऱ्याला फेकायचं लाल कडं एक, हेतू: बुडणारा. बाकडं एक, हेतू... इथे माझं पेन थांबलं. ज्या वस्तूचा हेतू नोंदलेला नाही ती पंधरा दिवसांत हटवण्यात यावी, असं परिषदेचं कलम आहे. ते कलम मीच लिहिलं होतं, आणि चांगलं लिहिलं होतं.

मी बाकड्याकडे गेलो. एक हिरवी नाव लॉकमध्ये शिरली होती, मागचा दरवाजा लागला होता आणि पाणी तिला हळूहळू वरच्या पातळीला उचलत होतं. एनॉक मांडीवर थर्मास घेऊन बसले होते.

"एनॉक, तुम्ही इथे बसून नक्की काय करता?"

"बघतो."

"काय?"

"नाव येते. दरवाजा लागतो. पाणी चढतं. नाव जाते."

"आणि मग?"

"मग दुसरी येते."

"पण यातून निष्पन्न काय होतं?"

"अरे क्लेम, बेचाळीस वर्षं मी गावभर पायपीट करून लोकांची पत्रं वाटली. तुझा शाळेचा निकालसुद्धा मीच आणून दिला, आणि तुझ्या आईचं तोंड बघायला क्षणभर थांबलो नाही. आता बसलोय तर बसू दे की."

त्यांनी थर्मासमधून दोन कप चहा ओतला. एक स्वतः घेतला आणि दुसरा बाकड्याच्या रिकाम्या टोकाला ठेवला. तिथे मेव्हिस, म्हणजे त्यांची बायको, बसायची. ती जाऊन चार वर्षं झाली. तो कप मी पाहिला, पण यादीत कपाचा रकाना नव्हता. बाकडं जाऊ नये असं मला मनापासून वाटलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होणार आहे.

प्रकरण मी वारसा समितीपुढे नेलं. समितीच्या अध्यक्षा नगरसेविका फिलिपा गार्साइड यांचे आजोबा कोळशाच्या नावेवर होते आणि ही गोष्ट बाई प्रत्येक सभेत एकदा सांगतात. या वेळी ती उपयोगी पडली.

"यासाठी एक शब्द आहे!" गार्साइडबाई खुर्चीतून उठल्याच. "काठावर थांबून नावांकडे बघत राहणाऱ्यांना आजोबा गॉनगूझलर म्हणायचे."

"चांगल्या अर्थाने?"

"छे हो! थुंकून म्हणायचे."

शब्द शोधला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कालव्यावरच्या शब्दांच्या एका यादीत तो सापडला. काही वेगळं दिसलं की कामधंदा सोडून, कितीतरी वेळ टक लावून उभा राहणारा रिकामटेकडा आणि चौकस इसम, असा त्याचा अर्थ. उगमाबद्दल दोन मतं होती. एका मतानुसार लिंकनशायरच्या बोलीतले दोन शब्द जोडून तो झाला असावा, आणि त्या दोन्ही शब्दांचा अर्थ टक लावून बघणं असाच आहे. म्हणजे एकदा बघून ज्याचं समाधान होत नाही असा माणूस. दुसऱ्या मतानुसार तो वायव्येच्या सरोवरांच्या मुलखातून आला. नावाडी घाम गाळत दरवाजे ढकलायचे आणि हे लोक नुसते बघायचे, म्हणून त्यांना दिलेली ती कोपरखळी. पण शिवीला शंभर वर्षं झाली की ती वारसा होते, याबद्दल समितीत दुमत नव्हतं.

मी यादीत लिहिलं: बाकडं एक, हेतू: गॉनगूझलरांचा वापर. बाकडं वाचलं. मी इतका खूश झालो की जेवणाची सुट्टी सोडून एनॉकना सांगायला गेलो.

"म्हणजे मी आता वारसा?" त्यांनी विचारलं.

"राष्ट्रीय नाही. स्थानिक."

"मेव्हिस मला आळशी म्हणायची. बिचारीला हा शब्द सुचला नाही."

बाकड्यावर पितळी पाटी बसली, पाटीचा फोटो निघाला आणि तो नियमाप्रमाणे जिल्ह्याला पाठवला गेला. इथे सगळं संपायला हवं होतं. पण जिल्ह्याच्या वारसा विभागाला फोटो आवडला, आणि आवडलेल्या गोष्टीची तपासणी करण्याची तिथे पद्धत आहे. एप्रिलमध्ये डॉ. पेरेग्रिन लाइल आले. उंच, सभ्य, खेदपूर्वक बोलणारे गृहस्थ. त्यांनी पाटी वाचली, बाकड्यावर बसलेल्या एनॉकना वाकून नमस्कार केला आणि मला बाजूला घेतलं.

"एक छोटीशी अडचण आहे, मिस्टर बूथरॉइड. शब्दाच्या अर्थामध्ये 'उभा राहणारा' असं आहे."

"बरं मग?"

"ते बसलेत."

त्या आठवड्यात बाकड्याभोवती जाड लाल दोरी बांधण्यात आली आणि आत पाटी लावण्यात आली: 'हे बाकडं बघ्यांच्या स्मरणार्थ जतन केलेलं आहे. कृपया बसू नये.' एनॉक दोरीच्या बाहेर काठी टेकून उभे राहू लागले. थर्मास पायाशी आणि दुसरा कप गवतावर. साडेअकराच्या सुमाराला त्यांना दोन्ही हातांनी काठीवर भार टाकावा लागे.

पलीकडे मॉरीनची चहाची टपरी आहे. मॉरीन गावातल्या सगळ्यांना राजा म्हणते, अगदी बिशप आले तरी. तिने मला हाक मारली.

"काय रे राजा, एक म्हातारा फुकटात बघत होता, ते तुम्हाला बघवलं नाही होय?"

"हे त्यांच्याच भल्यासाठी आहे, मॉरीन."

"ते दिसतंयच. साखर किती?"

डॉ. लाइल यांचा अहवाल बत्तीस पानांचा होता. त्यातला मुद्दा साधा होता. वारसा असेल तर तो अस्सल हवा. अस्सलपणा कुणीतरी तपासायला हवा. आणि तपासायचं तर नोंदणी हवी. सबब यापुढे सात क्रमांकाच्या लॉकवर परवाना असल्याशिवाय कुणीही हेतूविरहित उभं राहू नये. ज्यांना कुठे जायचं आहे त्यांनी चालत राहावं. परवान्यासाठी चार कसोट्या ठरल्या: बघणं, बराच वेळ बघणं, विनाकारण बघणं आणि कोणत्याही परिस्थितीत मदत न करणं. शेवटच्या कसोटीवर डॉ. लाइल यांचा विशेष कटाक्ष होता. बघणारा ज्या क्षणी हात लावतो त्या क्षणी तो नावाडी होतो, आणि नावाड्यांचा वारसा दुसऱ्या विभागाकडे आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं.

पहिला परवाना नमुना म्हणून मला देण्यात आला. पहिला अर्ज अर्थातच एनॉक यांचा होता. मुलाखत वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली. मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो.

"रोज किती वेळ बघता?" डॉ. लाइल यांनी विचारलं.

"चार तास."

"उत्तम. कशासाठी येता?"

एनॉकनी टोपी काढली. "घरात सकाळी फार शांत असतं. इथे मेव्हिस असायची. प्रत्येक नावेवर रंगवलेलं नाव ती मोठ्याने वाचायची. आता मी वाचतो. मनात."

डॉ. लाइल यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते. त्यांनी रुमालाने ते टिपले, पेन उचललं आणि रकान्यात लिहिलं: हेतू आढळला.

"एखादी बाई एकटी नाव घेऊन आली की तुम्ही दरवाजाचा दांडा ढकलू लागता, असंही समजतं."

"ढकलतो की. ओकचा आहे तो, जड असतो."

"म्हणजे मदत करता."

"आता ती तिकडून ढकलतेय आणि मी इकडे उभा आहे, तर..."

मदत आढळली, असं डॉ. लाइल यांनी लिहिलं. विकलथॉर्पमधला एकमेव बघ्या चारपैकी दोन कसोट्यांवर नापास झाला. निकालाचं पत्र मी अतिशय सहानुभूतीने लिहिलं. 'दुर्दैवाने' हा शब्द तीनदा घातला.

बाकीच्यांना मात्र काही अडचण आली नाही. वर्तमानपत्रात बातमी येताच अर्जांचा ढीग पडला. कालव्याकडे जन्मात न फिरकलेले लोक आले: दंतवैद्य, जमीन मोजणारे, दोन निवृत्त मुख्याध्यापिका, विमा कंपनीतला एक पूर्ण विभाग. तीन तासांचं प्रशिक्षण ठेवलं. शब्दाच्या उगमाचा वाद मिटला नव्हता, म्हणून समतोल साधून सम तारखांना लिंकनशायर पद्धतीने, म्हणजे एकाच गोष्टीकडे लागोपाठ दोनदा, आणि विषम तारखांना सरोवरी पद्धतीने, हनुवटी किंचित वर करून, बघायचं ठरलं. शेवटी परीक्षा. मी धरून त्रेचाळीस जण उत्तीर्ण झाले. प्रत्येकाला झगझगीत पिवळं जाकीट मिळालं, कारण काठावर निष्क्रिय उभं राहणं धोकादायक आहे असं सुरक्षा विभागाचं मत पडलं.

मग रांग लागली. आमच्या गावात दोन माणसं एका दिशेला तोंड करून उभी राहिली की तिसरा न विचारता मागे उभा राहतो. लॉकच्या कडेला एका वेळी बारा जणांची जागा होती, म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या केल्या. बाकीचे पायवाटेवर रांगेत. काही दिवसांनी बाहेरगावचे लोक रांग बघायला येऊ लागले. ते विनापरवाना बघतात म्हणून त्यांना हटकावं, तर ते म्हणत, आम्ही कालव्याकडे बघतच नाही, रांगेकडे बघतोय. हा मुद्दा जिल्ह्याकडे मार्गदर्शनासाठी पाठवला आहे.

एनॉक रोज यायचे. नियमाप्रमाणे चालत राहायचे. पुलापर्यंत, पुलावरून परत, पुन्हा पुलापर्यंत. दहा ते दोन. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस पुन्हा टपालाच्या फेरीवर निघावा तसे.

"थकत नाही का?" मी एकदा विचारलं.

"थकतो ना. पण बसायचं म्हटलं तर मध्ये दोरी आहे, उभं राहायचं म्हटलं तर कागद नाही."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल."

"हो," ते म्हणाले. "तोवर मेव्हिसला विसरून ये म्हणतोस?"

मे संपता संपता नवीनच संकट आलं. नावा येईनाशा झाल्या. त्रेचाळीस पिवळ्या जाकिटांच्या नजरेखाली दरवाजा ढकलायला कुणी नावाडी तयार होईना. लोक वळसा घालून दुसऱ्या कालव्याने जाऊ लागले. बघे तयार, जागा तयार आणि बघण्यासारखं काही नाही. तातडीची सभा झाली. 'प्रुडन्स' नावाची एक नाव परिषदेने भाड्याने घेतली आणि ती दिवसभर त्याच लॉकमधून वर जाऊन खाली येऊ लागली. तिचा एकटा नावाडी रोज अठ्ठावीस वेळा दरवाजे उघडायचा आणि बंद करायचा. आपल्या हाताला फोड आलेत, असं त्याने लेखी कळवलं. तो कागद अवलोकनार्थ ठेवण्यात आला.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी वारसास्थळाचं उद्घाटन ठेवलं. त्रेचाळीस जण पूर्ण गणवेशात, डॉ. लाइल वही घेऊन, आणि मी इतिवृत्त घेऊन. दोरीबाहेर एनॉक पुलाकडे चालले होते. गार्साइडबाईंच्या अंगावर कंबरपट्ट्याचा निळा कोट होता. लॉकच्या बंद दरवाजाच्या माथ्यावर जी अरुंद फळी असते तिच्यावरून जाऊन मधोमध बांधलेली फीत त्या कापणार होत्या. त्या गेल्या, मधोमध थांबल्या, आजोबांचा उल्लेख केला, कात्री उघडली आणि सरळ पाण्यात पडल्या.

कुणीही हललं नाही. मी आयुष्यात इतकी शिस्त पाहिलेली नाही. सम तारीख होती. त्रेचाळीस जणांनी बाईंकडे लागोपाठ दोनदा पाहिलं. माझ्या शेजारचा दंतवैद्य हात मागे बांधून उभा होता आणि परीक्षेतल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांना जागत होता. विम्याच्या विभागातली एक मुलगी अर्धं पाऊल पुढे गेली, पण तिच्या साहेबांनी नुसता घसा साफ केला आणि ती मागे आली. लाल कड्याला कुणी हात लावू नये म्हणून ते आम्ही कपाटात बंद केलं होतं आणि किल्ली माझ्या कार्यालयात होती.

गार्साइडबाई वर आल्या. भिंती गुळगुळीत, पाणी खोल, कोट जड.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "कुणाची गैरसोय होणार नसेल तर... मला वाटतं, मी बुडतेय."

कौतुकाची कुजबुज झाली. बाई खाली गेल्या आणि पुन्हा वर आल्या.

"घाईत असाल तर राहू द्या."

डॉ. लाइल यांनी वहीत 'अप्रतिम' असं लिहिलं. मला ते बाजूने दिसलं. मी काय करत होतो? मी घड्याळ पाहिलं आणि इतिवृत्तात लिहिलं: ११ वाजून ४२ मिनिटे, मा. अध्यक्षा पाण्यात.

तेवढ्यात पिवळ्या जाकिटांच्या मधून काठी आली आणि काठीमागून एनॉक आले. "सरका," ते म्हणाले. "सरका बाबांनो, जरा सरका." त्यांनी काठी टाकली, प्रुडन्सच्या टपावरचा लांब आकडीचा दांडा ओढून घेतला, काठावर पोटावर पडले आणि आकडी बाईंच्या कंबरपट्ट्यात अडकवली. मग त्यांना ओढत ओढत भिंतीतल्या शिडीपर्यंत आणलं. फोड आलेला नावाडी धावला. त्याच्याकडे परवाना नव्हता. दोघांनी बाईंना वर घेतलं. बाई लटपटत होत्या आणि जवळ बसायला एकच जागा होती. एनॉकनी लाल दोरी उचलली, बाईंना बाकड्यावर बसवलं, अंगावर स्वतःचा कोट टाकला आणि थर्मासमधून चहा ओतला. मेव्हिसच्या कपात.

"घ्या," ते म्हणाले. "गरम आहे."

बाईंनी दोन घोट घेतले. मग त्यांची नजर पाटीवर गेली. "आपण बसलोय, मिस्टर टॅन्सली," त्या हळूच म्हणाल्या.

सोमवारी समितीची विशेष सभा झाली. श्री. टॅन्सली यांचे आभार मानणारा ठराव एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. त्यानंतर डॉ. लाइल यांचा अहवाल सादर झाला. इतक्या उच्च दर्जाचं बघणं नोंदलं जात असताना एका विनापरवाना व्यक्तीने त्यात व्यत्यय आणला. राखीव जागेत प्रवेश केला. जतन केलेल्या वस्तूवर दुसऱ्याला बसवलं. आणि सार्वजनिकरीत्या मदत केली. अशी व्यक्ती परिसरात वावरत राहिल्यास जिल्ह्याला वारसा दर्जाचा फेरविचार करावा लागेल. म्हणून श्री. टॅन्सली यांना एक वर्षासाठी सात क्रमांकाच्या लॉकवर येण्यास मनाई करावी.

गार्साइडबाई उभ्या राहिल्या. "हे होऊ देणार नाही," असं त्या म्हणतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "संबंधित व्यक्तीने माझा जीव वाचवला आहे. त्यामुळे या विषयात माझे हितसंबंध आहेत. मी मतदानात भाग घेऊ शकत नाही." आणि त्या नियमाप्रमाणे सभागृहाबाहेर गेल्या. मनाईच्या बाजूने चार, विरोधात तीन. बाई आत असत्या तर चार-चार झाले असते आणि अध्यक्षा म्हणून निर्णायक मत त्यांचंच होतं. त्या दाराच्या काचेतून बघत होत्या.

मनाईचं पत्र मी टपालाने पाठवलं नाही. लाज वाटली. स्वतः घेऊन गेलो. एनॉकनी दारातच उघडून वाचलं आणि सवयीप्रमाणे पाकीट सरळ करून खिशात ठेवलं.

"क्लेम, बाई पाण्यात होती तेव्हा तू कुठे होतास?"

"तुमच्या पुढेच. काठापासून सहा पावलांवर."

"काय करत होतास?"

"वेळ लिहीत होतो."

"किती वाजले होते?"

"अकरा बेचाळीस."

"बरोबर लिहिलंस," ते म्हणाले. रागाने नाही. मग त्यांनी दार लावून घेतलं. ते रागावले असते तर मला त्या रात्री झोप लागली असती.

आता एनॉक बाजारपेठेतल्या बसथांब्यावर बसतात. तिथल्या बाकाचा हेतू माझ्याच यादीत नोंदलेला आहे: बसची वाट पाहणे. बस येते, दार उघडतं, दार लागतं, बस जाते. ते चढत नाहीत. शेजारी दुसरा कप असतो. वाट कुणाची पाहतात, हे विचारायला अजून कुणी आलेलं नाही, आणि मी ती फाइल उघडणार नाही. रोज सकाळी मी मुद्दाम त्या बाजूने जातो, रस्त्यापलीकडे थांबतो, थोडा वेळ बघतो आणि कामावर जातो.

आता तुमच्याबद्दल. पहिल्या ओळीपासून तुम्ही हे सगळं बघत आलेले आहात. दोरी बांधली तेव्हा तुम्ही बोलला नाहीत. म्हातारा पुलापर्यंत जाऊन परत येत होता तेव्हा तुम्ही हसलात. मला ऐकू आलं. बाई दुसऱ्यांदा पाण्याखाली गेल्या तेव्हा तुम्ही शांतपणे पुढची ओळ वाचलीत. आणि हे सगळं कशासाठी बघितलंत असं विचारलं, तर तुम्ही म्हणाल, सहज. चारही कसोट्या पूर्ण होत असल्याने आपणास परीक्षेतून सूट देण्यात येत आहे, आणि उभं राहण्याची अट वाचकांपुरती शिथिल केली आहे. परवाना क्रमांक चव्वेचाळीस आपल्या नावे तयार आहे. कृपया जाकिटाचं माप कळवावं.

आपला विश्वासू,
क्लेमंट बूथरॉइड, परवाना क्रमांक एक